उशीवरचे केस

त्या दिवशी मी चहाचं तबक घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा तीन पुरुष एका उघड्या बाईकडे बघत बसले होते, आणि तिच्या केसांखेरीज कुणालाच दुसऱ्या कशात रस नव्हता. तिघांपैकी एकाला तर केसही दिसत नव्हते. पण ते गुपित घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई कागदावरची होती. मान मागे टाकलेली, अंबाडा सुटलेला, केस उशीवरून खाली चटईपर्यंत ओघळलेले. पुरुषाचा चेहरा तिच्या मानेत. चित्रात बाकी जे चाललं होतं ते मी सांगत बसत नाही. जपानातल्या आमच्या एदो शहरात प्रत्येक नव्या नवरीच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी असलं एक पुस्तक असायचंच. आईनेच ते तिथे ठेवलेलं असायचं आणि वर आपण त्या गावचेच नाही असा चेहराही तिनेच केलेला असायचा. व्यापारी लोक तर आगीपासून रक्षण होतं म्हणून ही पुस्तकं कोठारात ठेवायचे.

"जिम्बेई," नगर कचेरीचे अधिकारी मुरासे माझ्या बाबांना म्हणाले, "हे केस कुणी कोरले?"

मुरासे चाळिशीचे होते. स्वच्छ कपडे, आवाज कधी चढत नसे. ओरडणारा अधिकारी आला की आमची गल्ली निर्धास्त असायची, कारण ओरडून झालं की तो जायचा. हे मात्र नीट मांडी घालून बसले होते. त्यांच्या पुढ्यात ते पान होतं आणि पानाशेजारी कापडात गुंडाळलेली चेरीच्या लाकडाची फळी, म्हणजे ज्याच्यावरून ते पान छापलं तो ठसा. छापणाऱ्याच्या घरावर आदल्या दिवशी धाड पडली होती.

"शहरात इतके कोरणारे आहेत, सरकार," बाबा म्हणाले. "मी कुणाकुणाचं सांगू?"

"मी सातजणांना विचारून आलो. सातही जण म्हणाले, हे जिम्बेईचे केस."

या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती, आणि ती अशी अंगाशी आली होती.

त्या वर्षी असल्या पुस्तकांवर बंदी आली होती. शिवाय यापुढे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं खरं नाव हवं, असा हुकूम निघाला होता. त्याआधी असल्या पुस्तकांत नावाची भानगडच नसे. चित्र कुणी काढलं हे आम्हालाही कळायचं नाही. बंदी आल्यापासून पुस्तकवाला गेन्शिची पातळ कागदावरची रेखाटनं मुळ्याच्या टोपलीत, पाल्याखाली लपवून आणायचा. ती आम्ही फळीवर पालथी घालून खळीने चिकटवायचो, कागदाची पाठ बोटांनी चोळून उडवायचो आणि उलट्या दिसणाऱ्या रेघांवरून कोरत जायचो. कोरणं संपेपर्यंत कागदही संपलेला असायचा. चित्रकाराचा हात आमच्याच कोरणीखाली भुगा होऊन जायचा. शेवटी ग्राहकाला जे पान मिळायचं त्यात चौघांचे हात असायचे आणि नाव एकाचंही नसायचं.

पण केस कुणाचे, हे धंद्यातली माणसं ओळखायची. चित्रातले कपडे, पडदे, झाडं हाताखालचे कारागीर कोरत. चेहरा आणि केस मात्र कारखान्याच्या मालकानेच कोरायचे, असा रिवाज. बोटाच्या रुंदीत साठ-सत्तर केस, प्रत्येक केस मुळाशी जाड आणि टोकाला नाहीसा होणारा. आणि लाकडात केस कोरायचा म्हणजे केस सोडून आजूबाजूचं सगळं काढून टाकायचं. एकदा चुकलं की फळी सरपणात. हे काम माझ्या बाबांइतकं चांगलं शहरात कुणाला येत नव्हतं. ते डाव्या हाताने कोरायचे, म्हणून सगळे त्यांना डावरा जिम्बेई म्हणायचे.

म्हणजे चार वर्षांपूर्वीपर्यंत येत नव्हतं. चार वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांत धुकं उतरलं. आधी केस गेले, मग भुवया, मग समोरच्या माणसाचं नाक. तेव्हापासून जिम्बेईचे केस मी कोरत होते.

माझं नाव ओयोने, घरात नुसतं योने. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मागच्या बाजूला आमची एक खोली होती, बंद फळ्यांची, उंचावर एक खिडकी, तिला कागद लावलेला. त्या खोलीत मी सकाळी शिरायची ती उजेड संपल्यावर बाहेर पडायची. दारात पाऊल वाजलं की बाबा खोकायचे आणि मी कोरणी हवेतच थांबवायची. कोरण्याचा आवाज आतून आणि जिम्बेई बाहेर बसलेला, हे कसं चालेल? कधीकधी गिऱ्हाईक तासभर गप्पा मारायचं आणि मी तासभर हात तसाच धरून बसायची. सार्वजनिक न्हाणीघरात बायका हसतखेळत पाठ चोळायच्या. मी उजवा हात पंच्याखाली लपवायची, कारण तर्जनीवर कोरणीची गाठ आली होती. दोन स्थळं आली, ती बाबांनी परतवली. "माझं कोण बघणार?" असं ते सगळ्यांना म्हणायचे. ऐकणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा भाकरीबद्दल बोलतोय.

आणि मजा बघा, पुरुषाचा हात कधी धरला नव्हता, पण बाईपुरुषांचं असं काही उरलं नव्हतं जे मी कोरलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं, फक्त उलटं.

केस मी कोरते हे ठाऊक असलेला आणखी एकच माणूस होता, तो म्हणजे त्या दिवशी तिथे बसलेला तिसरा, तोकुजी. अकरा वर्षं आमच्याकडे काम करत होता. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, अबोल, सरळ. किमोनोंवरची नक्षी तो झकास कोरायचा. केस मात्र त्याला जमत नसत. फावल्या वेळात टाकाऊ फळीवर प्रयत्न करायचा. पहिला केस ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्याला रेघ तुटायची. दरवेळी तिसऱ्याला. नवा ठसा तयार झाला की शाई लावून पहिलं पान काढायचं काम त्याचं. ते पान हातात धरून तो इतका वेळ बघत बसायचा की शाई वाळून जायची. मला वाटायचं, बघतोय बिचारा उघड्या बायका. कधी वाटायचं, माझं काम बघतोय, म्हणजे थोडंफार मलाच बघतोय. बावीस वर्षांच्या मुलीला वाटायला काय लागतं!

तर मुरासे म्हणाले, "जिम्बेई, मग एक सोपं काम करू. इथेच बस. माझ्यासमोर बोटभर केस कोर. मी दोन्ही ताडून बघतो."

मी हातातलं तबक पटकन खाली ठेवलं.

बाबा कोरायला बसले आणि जमलं, तर ते गुन्हेगार. जमलं नाही, तर आंधळे असल्याचं उघड होणार, आणि मग पुढचा प्रश्न हाच की चार वर्षं जिम्बेईच्या नावावर कोरतंय कोण. आमच्या कारागीर संघात फसवणुकीला माफी नव्हती. कारखाना दुसऱ्याला देऊन टाकत. तोकुजीने मुकाट्याने फळी, ठोकळा आणि कोरणी त्यांच्या पुढ्यात मांडली.

बाबांनी चाचपडत कोरणी उचलली. डाव्या हातात धरली. फळीवर वाकले. त्यांच्या कपाळावरून घाम लाकडावर टपकला.

"थांब," मुरासे म्हणाले.

त्यांनी कापडातला ठसा काढला, दाराशी उजेडात नेला आणि तिरका धरून बराच वेळ पाहिला. मग परत येऊन बसले.

"तू नेहमी डाव्या हातानेच कोरतोस?"

"जन्मापासून, सरकार. सगळ्यांना ठाऊक आहे."

"कोरणी जिथे थांबते तिथे लाकडात बारीकशी खाच राहते," मुरासे म्हणाले. "माझा भाऊ मंदिराची नक्षी कोरायचा, त्याने मला दाखवलं होतं. उजव्या हाताची खाच एका बाजूला पडते, डाव्या हाताची दुसऱ्या. हा ठसा उजव्या हाताचा आहे. सातजणांनी पान बघितलं, ठसा कुणीच बघितला नाही."

बाबांच्या हातून कोरणी गळून पडली. सुटलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलं होतं. मला मात्र पुढचा प्रश्न ऐकू यायला लागला होता.

मी शिकले कशी, तर बाबांच्या समोर बसून. शेजारी बसवून शिकवायची पद्धत. पण आमच्या घरात शेजारची जागा हाताखालच्या कारागिरांची, मुलीची नव्हे. मी लहानपणापासून फळीच्या पलीकडे बसून बाबांचा हात पाहायची. त्यांचा डावा हात जसा वळायचा तसा माझा उजवा वळायचा, आरशात दिसावं तसा. तीच लय, तोच दाब, तेच टोक. कागदावर दोघांत काडीचा फरक नव्हता. फरक फक्त लाकडाला ठाऊक होता, आणि आता मुरासेंना.

"पण केस याच घरातले आहेत," ते म्हणाले. "गेन्शिचीने ठसा इथूनच नेला, हे त्याने कबूल केलंय. घरात उजव्या हाताने कोरणारं कोण?"

खोलीत आम्ही चौघं. मुरासेंनी तोकुजीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. मी चहा आणणारी होते.

बाबांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. दिसत नव्हतं त्यांना, पण मी कुठे बसलेय ते ठाऊक होतं. त्यांनी अगदी हलकेच मान हलवली. नाही.

मी बोलले असते तर बाबा बुडाले असते. गप्प राहिले असते तर अकरा वर्षं इमानाने राबलेला माणूस माझ्या कामापायी बांधला गेला असता. एवढं सगळं मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. तरी मी दोन श्वास थांबले. दोनच. तिसऱ्याला मी तोंड उघडलं.

"मी," तोकुजी म्हणाला.

माझं तोंड उघडंच राहिलं.

"मी कोरले," तो पुन्हा म्हणाला. "उस्तादांना माहीत नव्हतं. ते बाहेर गेले की मी कोरायचो. गेन्शिचीने मला गाठलं होतं."

"सरकार, ते—" मी म्हणाले.

"पोरीला आत जाऊ दे," बाबा मोठ्याने म्हणाले. "तिला असल्या गोष्टी ऐकवत नाहीत."

मुरासेंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तोकुजीकडे. "मग बस आणि कोर," ते म्हणाले. "बोटभर नको. पाच केस कोर."

तोकुजी बसला. मी आत गेले नाही. त्याने कोरणी उजव्या हातात घेतली, डाव्या हाताचा अंगठा पात्याला टेकवला. पहिला केस. चांगला आला. दुसरा. तोही आला. मला लाकडाच्या आवाजावरूनच कळत होतं. मी डोळे मिटले.

तिसऱ्याला खस्सकन आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा फळीवर रक्ताचं थारोळं झालं होतं आणि कोरणी त्याच्या डाव्या अंगठ्याच्या बुंध्यात हाडापर्यंत रुतली होती. तो ओरडला नाही. नुसता बघत राहिला.

मुरासेंनी रक्ताखालचे दोन केस पाहिले. त्यांना कळलं का? मला आजही वाटतं, कळलं होतं. पण ते उठले आणि कपडे सारखे करत म्हणाले, "पुरे. मला वहीत एक नाव लिहायचं होतं, ते मिळालं."

ठसा आमच्याच अंगणात कुऱ्हाडीने फोडून जाळला. मी उभी राहून बघितला. अठरा दिवसांचं काम होतं ते. उशीवरचे केस जळताना साध्या लाकडासारखेच जळले.

तोकुजीला शिक्षा झाली पन्नास दिवस हातकड्यांची. तुरुंग नाही, घरीच राहायचं, पण दोन्ही मनगटं लोखंडात अडकवलेली आणि लोखंडावर कचेरीचा कागदी शिक्का. दर पाचव्या दिवशी माणूस येऊन शिक्का तपासायचा. ते पन्नास दिवस त्याला मी भरवलं. त्याचं तोंड धुतलं, अंगठ्याची जखम लोखंडाच्या खालून जमेल तशी पुसली. ती नीट बांधता येत नव्हती, म्हणून वाकडीच भरत गेली.

"का बोललात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

"मी बोलणार होते."

तो भात चावत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही बोलला असतात तर काय झालं असतं?"

"ते मीच कोरलंय, हे कुणीतरी ऐकलं असतं."

"आणि उस्ताद?"

मी दुसरा घास पुढे केला.

"कोरणी मुद्दाम मारून घेतलीत का? पुढचे केस कोरावे लागू नयेत म्हणून?"

तो हसला. नुसताच. ना हो म्हणाला, ना नाही. त्या हसण्यावर मी किती वर्षं काढणार होते, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! मला वाटलं, केवढा हा माणूस. माझ्यासाठी हात दिला आणि वर उपकाराचा एक शब्द बोलत नाही. मला रडू आलं. ते त्याने पाहिलं, आणि मान खाली घातली.

हातकड्या निघाल्या त्याच आठवड्यात गेन्शिची आला. बारीक अंगाचा, सदा घाईतला माणूस. स्वतः दंड भरून सुटला होता आणि तोंडावर काळजीचा मागमूस नव्हता.

"अहो, सगळं शहर विचारतंय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "ज्याचे हात बांधले त्याचे केस हवेत म्हणून. इतके दिवस लोक म्हणायचे, जिम्बेईचे. आता म्हणतात, तोकुजीचे. पुस्तक येऊ द्या, नाव नको, केस बघून लोक ओळखतील." आणि त्याने मुळ्याची टोपली पुढे सरकवली.

तोकुजीने आपला अंगठा वाकवून पाहिला. तो वाकत नव्हता. पात्याला टेकवायचा अंगठा. त्याच्याशिवाय नक्षीसुद्धा धड होणार नव्हती. त्याने वर पाहिलं, ते माझ्याकडे.

त्याच दुपारी बाबांनी मला जवळ बसवलं. "ज्याने या घरासाठी हात दिला," ते म्हणाले, "त्याला घर द्यायला नको?"

"बाबा, मला विचारताय की सांगताय?"

"योने, त्याच्या हाताने आता काम होणार नाही. त्याचं कोण बघणार?"

हेच वाक्य मी चार वर्षं ऐकत होते. फक्त माणूस बदलला होता. मी नाही कशी म्हणणार? ज्याचे हात माझ्यापायी गेले, त्याला माझे द्यायचे, हा हिशेब मला तरी कुठे चुकीचा वाटत होता? आणि खरं सांगायचं तर तोकुजी मला आवडतही होता. ते सगळ्यात वाईट. आवडत नसता तर मी कदाचित पळाले असते.

लग्न झालं. दोन वर्षांनी बाबा गेले. कारखाना तोकुजीच्या नावावर झाला, आणि मी पुन्हा त्याच मागच्या खोलीत. तीच उंच खिडकी, तोच कागद. फरक एवढाच की आता दारात पाऊल वाजलं की खोकायचा तो तोकुजी. बाहेर बसून तो गिऱ्हाइकांशी केसांबद्दल बोलायचा, आणि फार छान बोलायचा. मुळाशी दाब किती ठेवायचा, टोकाला श्वास कसा सोडायचा. मी आत कोरणी हवेत धरून ऐकायची. कधी वाटायचं, बाहेर जाऊन त्याला सांगावं की तिथे श्वास सोडायचा नसतो, धरायचा असतो.

पण माणूस वाईट नव्हता. दारू नाही, जुगार नाही, हात उगारणं नाही. आणि तो अंगठा होता. वैद्याने सांगितलं होतं, थंडीत रोज कॅमेलियाच्या बियांचं कोमट तेल चोळा, नाहीतर आखडून जाईल. दर थंडीत रोज सकाळी मी तेलाची वाटी शेगडीवर ठेवायची, तो हात पुढे करायचा, आणि मी ती वाकडी जखम बुंध्यापासून टोकापर्यंत चोळायची. मनात कधी बंडाचं काही आलं तर तो अंगठा हातात आला की विरघळून जायचं. मी मनातल्या मनात म्हणायची, गप्प बस, याने तुझ्यासाठी काय केलंय ते बघ.

चौतीस थंड्या अशा गेल्या.

चौतिसाव्या थंडीत तोकुजी अंथरुणाला खिळला. छातीत कफ भरला होता. एका सकाळी क्योतोहून एक तरुण कोरणारा त्याला भेटायला आला. खाली वाकून नमस्कार केला, आणि चाचरत त्याने विचारलं, "गुरुजी, तुम्ही त्या दिवशी अधिकाऱ्यासमोर आपला हात मुद्दाम कापून घेतला, असं आमच्याकडे सांगतात. खरं आहे का?"

तोकुजी हसला. तेच हसणं. मुलगा डोळ्यांत पाणी आणून निघून गेला.

मी शेगडीवर तेलाची वाटी ठेवत होते. काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "मुद्दामच ना?"

पन्नास दिवसांतल्या त्या पहिल्या दिवसानंतर मी हे कधीच विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं होतं, जमेल."

मला आधी कळलंच नाही. "काय जमेल?"

"केस. मला वाटलं, एकदा तोंडाने म्हटलं की मी कोरले, की हातालाही जमेल. दोन जमले होते. तिसऱ्याला कोरणी निसटली." तो दम खायला थांबला. "त्या पानाची पहिली प्रत मीच काढली होती. ते केस बघितल्यापासून मला झोप नव्हती, योने. अकरा वर्षं मी त्यासाठी घासत होतो आणि तू आत बसून ते कोरून टाकलेस. मुरासेंनी ते पान पुढे धरलं, विचारलं, कुणी कोरले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. मला वाटलं, जो म्हणेल त्याचे होतील."

"तुम्ही मला वाचवायला—"

"तू बोलणार होतीस. मी बघितलं. तुझं तोंड उघडलं होतं." त्याचा आवाज अगदी बसला. "म्हणून घाई केली."

बाहेर गल्लीत कुणीतरी मासे विकायला ओरडत होतं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

मला राग आला. आणि त्या रागातच मला ते दोन श्वास आठवले. स्वतःला मी सांगत आले होते की मी घाबरून थांबले. खोटं आहे ते. घाबरले असते तर गप्प राहिले असते. मी थांबले ते त्या शब्दाची चव घ्यायला. ‘मी’. शिक्षा होवो, बाप बुडो, पण हे मी केलं असं एकदा भर उजेडात म्हणायचं होतं मला. त्यालाही नेमकं तेच हवं होतं. त्या खोलीत आम्ही दोघं एकाच शब्दासाठी तोंड उघडून बसलो होतो आणि तो एका श्वासाने लवकर बोलला.

त्याने उपकार केला नव्हता. मी मात्र चौतीस वर्षं तो फेडत होते.

"काहीतरी बोल," तोकुजी म्हणाला.

मी शेगडीवरून वाटी उचलली. तेल छान कोमट झालं होतं. सवयीने त्याने पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि अंगठा माझ्यापुढे धरला.

मी वाटीत बोटं बुडवली. माझ्या उजव्या तर्जनीवर कोरणीची गाठ होती, पायाच्या टाचेसारखी कडक, भेगाळलेली. थंडीत तिच्यातून रक्त यायचं. तिला कधी तेल लागलं नव्हतं. मी गाठीला तेल लावलं, मग एकेका बोटाला, मग तळव्याला, मग मनगटापर्यंत. घाई केली नाही. वाटी रिकामी होईपर्यंत मी माझेच हात चोळत बसले.

तोकुजीचा हात तसाच पुढे होता. त्याने तो थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग पांघरुणात घेतला.